म्हसोबाला पाणी लागलं की

आमच्याकडं पूर उन्हात येतो. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडं 'बाई दमलीय' अशा नजरेनं बघतात, पण खोटं कशाला बोलू? शिरूर तालुक्याचं हे टोक तसं कोरडंच. श्रावणातसुद्धा आभाळ निळंभोर असतं, बाया ओट्यावर कांदा निवडत असतात, आणि खाली भीमा काठ सोडून वर सरकत असते. पाऊस पडतो घाटात, धरणं भरतात तिकडं, आणि सोडलेलं पाणी येतं आमच्या दारात. नदीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं दौंड तालुका.

मी या गावची तलाठी. हुद्द्याचं नाव मध्यंतरी बदललं, पाटीवर आता 'ग्राम महसूल अधिकारी' असं लांबलचक लिहिलंय, पण गावानं ते काही मनावर घेतलेलं नाही. जुनी माणसं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात आणि मी बाई असून मलाही भाऊसाहेबच म्हणतात. सुरुवातीला चिडायचे. आता कुणी मॅडम म्हटलं तर मीच इकडंतिकडं बघते, कोण आलं बुवा म्हणून.

तर या भाऊसाहेबांनी एका उन्हाळ्यात एक आराखडा केला. गावाला कुठल्या आपत्तीचा किती धोका, तो कशावरून ओळखायचा, माणसं कधी हलवायची आणि कुठं, असा. त्या आराखड्याचं तालुक्याला कौतुक झालं. आणि तो जर आम्ही तसाच्या तसा पाळला असता, तर खालच्या आळीतला एक म्हातारा माणूस आपल्या खाटेवर पडल्या पडल्या बुडाला असता. तसं झालं नाही. कसं टळलं ते सांगते.

तहसील कचेरीत बैठक होती. पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. साहेब म्हणाले, मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून पाठवलात तर यंदा खपवून घेणार नाही. आम्ही सगळ्यांनी खाली माना घातल्या, कारण वर्षानुवर्षं तेच तर करत आलो होतो. मग एका तरुण अधिकाऱ्यानं पडद्यावर जोखमीचं मूल्यांकन शिकवलं. आपत्ती किती वेळा येते त्याला पाचपैकी गुण, आली तर किती नुकसान करते त्याला पाचपैकी गुण, आणि दोन्हींचा गुणाकार. मोठा आला की लाल रंग, मधला पिवळा, बारका हिरवा. सणसवाडीच्या बाजूचा एक सहकारी माझ्या कानाशी कुजबुजला, "लग्नाला छत्तीस लागतात, हे पंचवीसातच भागवतायत." हसू दाबता दाबता माझी वही खाली पडली आणि साहेबांनी नेमकं माझ्याकडंच बघितलं.

पण मला ते आवडलं होतं, हे कबूल करते. काम हातात घेतलं की ते नीटच झालं पाहिजे, ही माझी खोड. घरात यावरून रोज वाजतं. कोतवालाला, म्हणजे माझ्या हाताखालच्या पन्नाशीच्या गावकामगाराला, बरोबर घेऊन मी चार दिवस उन्हातान्हात हिंडले. माळावर मेंढरं राखणारी माणसं कुठल्या एकट्या झाडाखाली थांबतात ते बघितलं आणि विजेला लाल रंग दिला. वादळात कुणाचे पत्रे उडतील ते टिपलं. कोतवाल सारखा म्हणायचा, "भाऊसाहेब, कागदच भरायचाय ना? मंग सावलीत बसून भरू की." मी त्याला झाडायचे. चौथ्या दिवशी मात्र माझंही डोकं तापलं होतं आणि पुराचं तेवढं राहिलं होतं.

पुराचं विचारायला आम्ही म्हसोबापाशी गेलो. नदीच्या काठाला, खालच्या आळीच्या अंगाला, म्हसोबाचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याची शेड, भोवती स्टीलचा कठडा, चढायला पाच पायऱ्या. तिथं दुपारी गार वारा येतो, म्हणून गावची वडीलधारी मंडळी तिथंच टेकलेली असतात. त्यांचे म्होरके म्हणजे आबा. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरंशुभ्र धोतर, एके काळचे सरपंच आणि आता ठाण्याच्या समितीचे अध्यक्ष. आबांनी एकदा शब्द टाकला की गावात त्याच्या पुढं कुणी बोलत नाही.

"पुराचं काय इचारता भाऊसाहेब," आबा म्हणाले. "आमचा एकच कायदा हाय. म्हसोबाला पाणी लागलं की खालची आळी उठवायची. माझ्या आज्यापासनं चालत आलंय. आजवर एक जीव गेला न्हाई."

"दरवेळी बरोबर ठरलंय?"

"अवो, देव हाय तो! चुकंल कसा?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकेकानं आपापल्या आठवणी सांगितल्या, कुठल्या पुरात म्हसोबाला किती वाजता पाणी लागलं, आळी कशी उठवली, घरात पाणी शिरायला त्यानंतर दोन-अडीच तास कसे मिळाले. सगळ्यांचं म्हणणं जुळत होतं. मला तर सोनं सापडल्यासारखं झालं. नदीवर मोजपट्टी नाही, यंत्र नाही, आणि गावाकडं मात्र इतकी नेमकी खूण! मी तिथल्या तिथं लिहिलं: स्थलांतराचा इशारा, म्हसोबाच्या मूर्तीस पाणी लागणे. मग चहा आला, चहाबरोबर गरम कांदाभजी आली. खालची आळी तिथून हाकेच्या अंतरावर, बावीस घरांची. तिथं जाऊन कोण आजारी, कोण अपंग, कोण बाळंतीण, हे विचारायचं राहिलं होतं. ऊन मी म्हणत होतं. मी कोतवालाला म्हटलं, मागच्या वर्षीची यादी आहे ना, तीच जोडू. आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

आराखडा गेला. पुढच्या बैठकीत साहेबांनी माझ्या आराखड्याचं ते पान पडद्यावर लावलं. गावाचं पिढीजात शहाणपण कसं वापरावं याचा नमुना, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. बाकीच्या नदीकाठच्या गावांनीही अशा खुणा शोधाव्यात, असा आदेश निघाला. मी घरी जाताना पेढे घेऊन गेले.

श्रावणातला तो दिवस. सकाळी दहाला ग्रुपवर निरोप आला की धरणातून विसर्ग वाढवलाय, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. असे निरोप पावसाळ्यात रोजच येतात. खरी खबर मी वेगळीकडून काढते. नदीच्या वरच्या अंगाला, कोरेगाव भीमाला हायवेवर एक टायरवाला आहे, त्याच्या दुकानापासून नदीचा पूल जवळ. त्याला फोन केला.

"मॅडम, आज नदी लय रुंद दिसतीया," तो म्हणाला. "पुलावर गाड्या लावून लोक फोटो काढायला लागल्यात."

लोक फोटो काढायला लागले की समजावं, पाणी मोठं आहे. मी गाडी काढली आणि गावात आले. थेट म्हसोबापाशी. आबा आणि मंडळी नेहमीसारखी बसलेली. ऊन लखलखीत. पाणी फुगलं होतं, गढूळ झालं होतं, पण खालच्या पायरीपासून दहाएक हात लांब होतं. वर देव तर कोरडाठाक.

"बसा भाऊसाहेब," आबा म्हणाले. "अजून लय टाईम हाय. तुमच्याच कागदात लिवलंय न्हवं का?"

मंडळी हसली, मीही हसले. पाच पायऱ्या चढून पाणी देवापर्यंत यायचं म्हणजे संध्याकाळ तरी होणार नाही का, असा माझा हिशोब. तरी जिवाला चैन पडेना. म्हटलं, निदान खालच्या आळीत एक चक्कर मारून लोकांना धीर देऊन येऊ.

आळीचं शेवटचं घर चाचांचं. गावातलं तीन पिढ्यांचं मुसलमान गवंड्याचं घर. निम्म्या गावाची घरं चाचांच्या हातची. त्यांची दोन्ही मुलं सणसवाडीला कंपनीत, तिथंच खोली करून राहतात. घरात चाचा आणि चाची दोघंच. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि थबकले. चाचा लोखंडी कॉटवर उताणे. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर निर्जीव पडलेला.

"चाची, हे कधी झालं?"

"थंडीत," चाची म्हणाल्या. "सकाळी उठले आन् पडले. तवापासनं असंच. उजवी बाजू सगळी गेली. बोलत्यात, पण जड. दुसऱ्याला लवकर समजत न्हाई."

थंडीत म्हणजे माझा आराखडा व्हायच्या चार महिने आधी. माझ्या यादीत हे घर नव्हतंच. मागच्या वर्षी चाचा धडधाकट होते ना! तरी वरकरणी मी हसले. "काळजी करू नका चाचा. पाणी लांब आहे. म्हसोबा अजून कोरडा आहे. त्याला पाणी लागायच्या आत आम्ही येतो तुम्हाला न्यायला."

चाचांनी डोळे मोठे केले. घशातून आवाज काढत ते काहीतरी सांगायला लागले. मला वाटलं, पाणी हवंय. चाचींनी तांब्या उचलला, तर त्यांनी डाव्या हातानं तो ढकलला. मग तोच हात चादरीवर सपाट ठेवला आणि हळूहळू वर उचलला. पुन्हा खाली ठेवला, पुन्हा वर उचलला.

"उचलला," ते म्हणाले. "मी. उचलला."

"काय उचललं?"

"अवो, म्हसोबा," चाची म्हणाल्या. "तीन वर्षांमागं ठाण्याचं नवं काम झालं न्हवं का? त्यो चौथरा ह्यांनीच बांधलाय. त्या कामाचं सांगत असत्याल."

मी या गावात बदलून आले त्याला दोनच वर्षं झाली होती. मी पहिल्यापासून बघितलेला म्हसोबा चौथऱ्यावरचाच, आणि काम झाल्यापासून मोठा पूर असा आलाच नव्हता.

"चाचा, आधी देव कुठं होता? जमिनीवर?"

त्यांनी मान हलवली. व्हय.

"किती उचलला?"

"सहा थर," चाचा म्हणाले. शब्द जड होते, पण एकेक स्वच्छ. "घडीव दगड. वर फरशी. जुना देव... पयल्या पायरीला. तिथं."

सहा थर म्हणजे माझ्या छातीएवढी उंची. देवाची जागा हलवायची नाही म्हणून तो होता तिथंच, सरळ वर उचलला होता. गावाच्या मनानं देव जागचा हललेलाच नव्हता. मग कायदा बदलायचं कुणाला सुचणार? आज्यापासूनचा कायदा जमिनीवरच्या म्हसोबाचा होता, आणि मी तो छातीएवढ्या उंचीवरच्या म्हसोबाला लावून, वर सही-शिक्का मारून मोकळी झाले होते. चाचांच्या खिडकीतून मला ठाणं दिसत होतं. शेंदराचा तो दगड बरोबर खिडकीच्या चौकटीच्या रेषेत होता. त्याला पाणी लागेल तेव्हा या कॉटवर काय असेल, ते समजायला गुणाकार लागत नव्हता.

मी पळत सुटले. चपला कुठं गेल्या आठवत नाही. ठाण्यापाशी पोचले तर पहिली पायरी दिसेना. मोजल्या, पुन्हा मोजल्या. चारच. मी चाचांच्या घरात होते तेवढ्यात नदी दहा हात पुढं सरकली होती, आणि जुन्या कायद्यानं गाव उठवायची वेळ आमच्या डोळ्यांदेखत होऊन गेली होती. मंडळी निवांत तंबाखू मळत होती.

"आबा, उठा! म्हसोबाला पाणी लागलं!"

"कुठं?" आबांनी वर बघितलं. "शेंदूरबी ओला न्हाई."

"तुमच्या आज्याच्या म्हसोबाला लागलं. तुम्ही देव उचललाय. चाचांनी सांगितलं, सहा थर."

आबांचा चेहरा बदलला. "भाऊसाहेब, तोंड सांभाळून. देव हलवलेला न्हाई आमी. कौल लावून, इचारून काम केलंय. जागा तीच हाय."

"जागा तीच, पण उंची?" मी ओरडले. माझा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. "पाणी जागा बघत नाही आबा, उंची बघतं! तिकडं चाचा खाटेवर पडलेत. त्यांना उठता येत नाही, ओरडता येत नाही. तुमचा देव भिजेपर्यंत ते नाकातोंडाएवढ्या पाण्यात असतील. मग कुणाला कौल लावणार?"

असं आबांना आजवर कुणी बोललं नव्हतं. कोतवालानं तर डोळेच मिटून घेतले. आबा उठले. मला वाटलं, आता काठी उगारतात की काय. पण ते माझ्याकडं न बघता पायऱ्या उतरले, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले. पायानं चाचपून त्यांनी ती बुडालेली पायरी शोधली, तिच्यावर उभे राहिले. पाणी त्यांच्या पोटरीला लागलं. तिथून त्यांनी खालच्या आळीकडं बघितलं, मग वळून देवाकडं, मग पुन्हा आळीकडं. लहानपणी त्या जागी दगडाशी खेळलेला माणूस तो. त्याला मोजपट्टी नको होती.

"आयला," आबा हळूच म्हणाले. "आमीच की रं बुडवलं असतं." आणि मग त्यांनी जो आवाज दिला तो पार वरच्या आळीपर्यंत गेला. "ट्रॅक्टर काढा! सगळे ट्रॅक्टर काढा! बघत काय बसलाय!"

पुढचे दोन तास म्हणजे नुसता गोंधळ. बावीस घरं उठवायची, आणि डोक्यावर लख्ख ऊन. पूर आलाय हे कुणाला पटेना. एक बाई म्हणाली, तव्यावरची भाकरी झाल्याबिगर मी हलायची न्हाई, आणि खरोखर भाकरी उलटून, शेकून, फडक्यात बांधूनच निघाली. एकीनं नवा फ्रिज आधी चढवला आणि सासूला म्हणाली, तुम्ही पुढच्या खेपेला या. त्यावरून ट्रॉलीतच जुंपली. भाड्यानं राहणारी बिहारची चार पोरं रात्रपाळी करून झोपलेली, त्यांना कोतवालानं "अरे बाढ आया, बाढ!" म्हणत पायाला धरून उठवलं. मी वहीत घराघरावर खूण करत होते आणि दर पाच मिनिटांनी त्या शेवटच्या दाराकडं बघत होते.

चाचांसाठी आबा स्वतः गेले. सोबत चार गडी. कॉट उचलली आणि दारात अडकली. आडवी करून बघितली, तिरकी करून बघितली. दार अरुंद, कॉट रुंद. आत आणताना ती सुटी करून आणली होती, आता नट गंजलेले. पाणी आळीच्या तोंडाशी आलं होतं. चाची दाराला धरून रडायला लागल्या. मला तर रडताही येईना.

"खाट मरू द्या," आबा म्हणाले. "गोधडी घ्या."

चाचांना गोधडीत घेतलं. चौघांनी चार टोकं धरली. त्यातलं डोक्याकडचं टोक आबांनी धरलं. कोतवाल म्हणाला, आबा, सोडा, तुमचं वय काय. आबा त्याच्यावर असे डाफरले की त्यानं परत तोंड उघडलं नाही. गोधडी दारातून निघाली, ओट्यावरून ट्रॉलीत गेली. ट्रॅक्टर हलला तेव्हा मागच्या चाकाखाली पाणी आलेलं मी बघितलं. चाचा उताणे, आभाळाकडं बघत होते. डाव्या हातानं त्यांनी आबांचं मनगट धरून ठेवलं होतं.

शाळा वरच्या अंगाला, उंचावर. माझ्या आराखड्यातली तेवढी एक गोष्ट बरोबर ठरली. चार वाजता आळीत पाणी शिरलं. सहा वाजता ते चाचांच्या खिडकीच्या चौकटीला टेकलं आणि तिथंच थांबलं. आम्ही शाळेच्या व्हरांड्यातून बघत होतो. ठाण्याच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या. म्हसोबा कोरडा होता.

मी तीनदा माणसं मोजली. तिन्ही वेळा सगळी भरली. चौथ्यांदा मोजायला गेले तर ती भाकरीवाली बाई म्हणाली, "मॅडम, शेरडं न्हाईत आमी. बसा आता." मग मी बसले, आणि बसल्यावर जे रडू फुटलं ते आवरेना. सगळ्या गावासमोर, पदरात तोंड घालून. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चाची जवळ आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुम्ही होता म्हणून ह्यांचा जीव वाचला." माझी मान वर होईना. मी होते म्हणूनच तो जायला निघाला होता. चाचांनी आपला जीव स्वतःच वाचवला होता, धड वळतही नसलेल्या जिभेनं.

तिथूनच मी साहेबांना फोन लावला. आधी माणसं सुखरूप असल्याचं सांगितलं, मग चूक सांगितली. "साहेब, ते पान काढून टाका. आणि इतर गावांनी ज्या खुणा लिहिल्यात, त्या आधी कुणी उचलल्यात का, सरकवल्यात का, हे त्या गावच्या गवंड्याला विचारायला सांगा." मग साहेब म्हणाले, "बाई, आत्ताच सगळ्यांना कळवतो." दुसऱ्या दिवशी दोन गावांमधून उलट निरोप आले. एका ठिकाणी पिंपळाचा पार उंच केला होता, एका ठिकाणी मारुती. तिथली माणसं वेळेत हलली. हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा भूक लागली.

पाणी उतरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी आबा लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले. नवी खूण ठाण्याशेजारच्या विजेच्या खांबावर करायची ठरली होती, कारण खांबाला कुणी चौथरा बांधत नाही. चाचांना खुर्चीत बसवून तिथं आणलं. आबांनी खांबावर कमरेएवढ्या उंचीला ब्रश टेकवला.

"खाली," चाचा म्हणाले.

आबा वाकले. "हितं?"

"अजून खाली."

आबा गुडघ्यावर आले.

"अजून खाली, आबा."

शेवटी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा पांढऱ्या धोतरानिशी चिखलात मांडी घालून बसले. "आता काय लोळू व्हय रं?" ते म्हणाले, आणि सगळी आळी खो खो हसली. चाचांचं तोंड एकाच बाजूनं हसलं. त्यांनी एक डोळा मिटून नेम धरला, मान हलवली. आबांनी रेघ मारली. थोडी वाकडी आली.

"ह्याला पाणी लागलं की पयली तुझी खाट निघंल," आबा म्हणाले.

"निघत न्हाई," चाचा म्हणाले. "दार बारीक."

आबांनी ब्रश डब्यात टाकला. दोन दिवसांनी ते टिकाव, वाळू आणि सिमेंट घेऊन चाचांच्या दारात हजर. मुलांनी कंपनीत रजा टाकली होती. चाचा कॉटवरून सांगत होते आणि आबा त्यांची बोलणी खात होते. थर वाकडा, माल पातळ, तुमाला कुणी गवंडी केलं. आजवर ज्यांना कुणी उलट बोललं नाही ते आबा निमूट व्हय व्हय म्हणत होते. दार चांगलं दीड हात रुंद झालं. पोरांनी गंजलेल्या कॉटसकट चाचांना उचललं, आणि कॉट सरळ, कुठंही न घासता, बाहेर उन्हात आली.

चाचा आडवे पडून नदीकडं बघत होते. नदी आता तिच्या जागी, शहाण्यासारखी वाहत होती.

"आता येऊ दे म्हणावं," चाचा म्हणाले.

"तोंड मिटा!" चाची ओरडल्या. "येऊ दे म्हणत्यात!"